हाडांची कणगी आणि तिचे राखणदार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जव्हारला गेलेला माणूस शिरपामाळ पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज या मुलखातून गेले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी या माळावर त्यांचे स्वागत केले आणि त्या भेटीत शिरपेचाचा मान झाला, म्हणून याला शिरपामाळ म्हणतात, असे जव्हारची मंडळी सांगतात. राजांच्या भेटीचा इतिहास असा माळाच्या नावात जपला गेला. पण त्याच माळावरून डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बाईच्या कमरेत कळ का येते, तिला बसल्या जागेवरून उठताना हातांचा आधार का घ्यावा लागतो, याचाही एक इतिहास आहे. तो कोणत्याही माळाच्या नावात सापडत नाही. आज मी तो सांगणार आहे.

शिरपामाळाकडून जव्हारला यावे, मोखाडा आणि त्र्यंबक करीत पूर्वेकडे जावे, की नाशिक येते. या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान नाशिकमध्येच लिहिले गेले.

नाशिकचे कोडे

१९२२ मध्ये इंग्लंडमधील एका वैद्यकीय त्रैमासिकात हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकण्याचा रोग, आणि मोठ्या वयात होणारा त्याचाच प्रकार. त्यांची पाहणी नाशिक भागातली होती. त्या काळचा सर्वसाधारण समज असा, की मुडदूस हा गरिबीचा, निकृष्ट अन्नाचा रोग. नाशिकला दिसले ते उलटे. दूधतूप खाणाऱ्या, पण पडद्यात आणि बंद वाड्यांत राहणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या मुलांत आणि बायकांत हा रोग होता. उन्हातान्हात राबणाऱ्या, जेमतेम अन्नावर जगणाऱ्या गरिबांत तो फारसा नव्हता. बंदिस्त राहणी, ऊन आणि मोकळी हवा यांचा अभाव हेच रोगाचे मूळ, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

योगायोग पाहा. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या व्हिएन्ना शहरात हॅरिएट चिक ही इंग्रज संशोधिका आणि तिच्या सहकारी मुडदूस झालेल्या मुलांवर कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि ऊन या दोहोंचे प्रयोग करीत होत्या. दोन्हींनी मुले बरी होत होती. १९२२ मध्येच अमेरिकेत मॅककॉलम याने त्या तेलातल्या मुडदूसनाशक घटकाला ‘ड जीवनसत्त्व’ हे नाव दिले. ऊन अंगावर पडले की हेच जीवनसत्त्व कातडीत तयार होते, हे पुढे कळले. नाशिकचे कोडे सुटले.

निदान तसे वाटले. कारण हाडे दुखणारा, वाकणारा, मोडणारा प्रत्येक माणूस ऊन आणि तेलाने बरा होत नव्हता. काहींचे दुखणे वेगळेच होते, आणि त्याची चावी माणसाच्या गळ्यात होती.

गेंड्याच्या गळ्यात सापडलेली गाठ

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिलाच आपण थायरॉइड म्हणतो. तिच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, बहुधा चार, अगदी लहान ग्रंथी असतात. एकेक तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांना मराठीत परावटू ग्रंथी म्हणतात, डॉक्टर पॅराथायरॉइड म्हणतात. नाव असे शेजाऱ्यावरून पडले असले, तरी काम अगदी निराळे आहे.

या ग्रंथींची पहिली नोंद माणसाच्या शरीरात झाली नाही. ती झाली एका भारतीय एकशिंगी गेंड्याच्या शरीरात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ पासून असलेला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि १८५० मध्ये तेथील प्राणिशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचला. त्यात गेंड्याच्या अवटू ग्रंथीला चिकटलेल्या एका लहानशा पिवळसर गाठीचा त्याने एका वाक्यात उल्लेख केला, आणि तो पुढे गेला. एवढ्या प्रचंड जनावरात एवढीशी गाठ. तिच्याकडे दुसऱ्यांदा कोण पाहणार?

माणसातल्या ग्रंथी शोधल्या त्या स्वीडनमधील उप्साला येथील ईवार सॅंडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने. १८७७ मध्ये त्याला त्या प्रथम कुत्र्यात दिसल्या. मग त्याने पन्नास मानवी शरीरे तपासली आणि १८८० मध्ये सविस्तर वर्णन छापले. आज ते वर्णन आदर्श मानतात. त्या वेळी मात्र फारसे कोणी दखल घेतली नाही. १८८९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. आपण काय शोधले याचे मोल त्याला कधीच कळले नाही.

या गाठींचे काम काय, हे उमगले ते शस्त्रक्रियांच्या फसगतीतून. गलगंडासाठी अवटू ग्रंथी काढून टाकल्यावर काही रोग्यांचे हातपाय आखडत, बोटे वळत, झटके येत, आणि काही जण दगावत. १८९१ पासून फ्रान्समध्ये ग्ले याने आणि पुढे इटलीत वासाले आणि जनराली यांनी प्रयोगांतून दाखवले, की दोष अवटू ग्रंथी काढण्याचा नाही. तिच्याबरोबर नकळत निघून जाणाऱ्या या चार दाण्यांचा आहे. १९०९ मध्ये अमेरिकेत मॅक्कॅलम आणि व्होग्टलिन यांनी असे झटके कॅल्शियम देऊन थांबवले. परावटू ग्रंथी आणि कॅल्शियम यांचे नाते पक्के झाले.

कणगीचा हिशेब

हे नाते समजायला जव्हार-मोखाड्याच्या घरातली कणगी डोळ्यांपुढे आणा. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते. ती आपली कणगी. रक्तात फिरते ते अगदी थोडे, रोजच्या खर्चापुरते. पण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंचे निरोप हे सगळे त्या थोडक्या कॅल्शियमवर चालते. ते साधारण ठरावीक पातळीत राहिलेच पाहिजे. १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम.

परावटू ग्रंथी या कणगीच्या राखणदार आहेत. रक्तातले कॅल्शियम जरा उतरले, की त्या एक संप्रेरक सोडतात. त्याला पॅराथायरॉइड हार्मोन, थोडक्यात पीटीएच, म्हणतात. ते तीन कामे करते. कणगीचे तोंड उघडून हाडांतले कॅल्शियम रक्तात आणते. मूत्रपिंडांना कॅल्शियम वाया घालवू देत नाही. आणि ड जीवनसत्त्वाला त्याच्या कामाच्या रूपात आणून अन्नातले कॅल्शियम आतड्यातून जास्त शोषायला लावते. रक्तातली पातळी भरली, की राखणदार गप्प बसतो.

आता घरात बाहेरून धान्यच येत नसेल, म्हणजे खाण्यात कॅल्शियम नाही, किंवा ड जीवनसत्त्व नसल्याने ते शोषले जात नाही, तर राखणदार काय करील? रोज कणगी उघडील. घर चालेल, कणगी रिकामी होत जाईल. हाडे मऊ पडतील, दुखतील. नाशिकच्या बंद वाड्यांत हेच घडत होते. यात राखणदाराचा दोष नाही. तो बिचारा घर वाचवत असतो.

पण दुसरेही एक होऊ शकते. बाहेरून धान्य येते आहे, घरात सगळे आहे, आणि राखणदारच बिघडला. चारांतल्या एका ग्रंथीत साधीशी, बहुधा कर्करोगाची नसलेली, गाठ झाली आणि ती हिशेब न ठेवता संप्रेरक सोडू लागली. मग कणगी विनाकारण रिती होते, रक्तात कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडांवाटे वाहून जाता जाता तिथे खडे धरते. हाडे दुखतात, पोकळ होतात, साध्या पडण्याने मोडतात. भूक मंदावते, तहान वाढते, मन खचते.

दोन्ही रोग्यांच्या तक्रारी ऐकायला सारख्याच. दोघांच्याही परावटू ग्रंथी वाढलेल्या. उपाय मात्र अगदी उलट. एकाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यायचे. दुसऱ्याची बिघडलेली ग्रंथी काढायची. हा फरक ओळखायला वैद्यकाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

ट्रामचा कंडक्टर आणि जहाजाचा कप्तान

व्हिएन्नातला एर्डहाइम हा मोठा विकृतिशास्त्रज्ञ. हाडे मऊ पडून मेलेल्या रोग्यांच्या परावटू ग्रंथी फुगलेल्या असतात, हे त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवले आणि अर्थ लावला, की हाडे आजारी पडली म्हणून ग्रंथी मदतीला वाढल्या. उपासमारीच्या आणि मुडदुसाच्या रोग्यांबाबत तो अगदी खरा होता. पण त्याच शहरातल्या श्लागेनहाउफर याने १९१५ मध्ये शंका काढली. चारही ग्रंथी वाढल्या तर ते समजू. पण काहींत एकच वाढलेली असते. मग तीच रोगाचे कारण नसेल कशावरून? ती काढून पाहावी.

दहा वर्षे कोणी धजले नाही. मग फेलिक्स मांडल या शल्यविशारदापुढे ट्रामवरचा एक कंडक्टर आला. वय ३४. मांडीचे हाड मोडलेले, चालणे अशक्य. एर्डहाइमचे मत मानून मांडलने आधी ग्रंथीचा अर्क दिला, मग अपघातात मेलेल्या माणसाच्या परावटू ग्रंथी त्याच्या शरीरात बसवल्या. म्हणजे बेहिशेबी राखणदाराच्या जोडीला आणखी राखणदार! गुण आला नाही. शेवटी १९२५ च्या जुलैमध्ये त्याने गळा उघडला, वाढलेली एकच ग्रंथी सापडली, ती काढली. कंडक्टरचे दुखणे ओसरले आणि तो पुन्हा हिंडूफिरू लागला. काही वर्षांनी रोग उलटला आणि तो त्यातून वाचला नाही. तरी मुद्दा सिद्ध झाला होता. सारख्या दिसणाऱ्या दोन रोगांपैकी एकात ग्रंथी हीच गुन्हेगार असते.

त्याच १९२५ साली कॅनडात कॉलिप याने परावटू ग्रंथींचा प्रभावी अर्क तयार केला. तो टोचला की कुत्र्यांच्या रक्तातले कॅल्शियम वाढे. हाच कॉलिप काही वर्षे आधी टोरोंटोत इन्शुलिन शुद्ध करणाऱ्या चमूत होता.

दुसरी गोष्ट चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाची. उंचापुरा माणूस. १९१८ च्या सुमारास त्याचे दुखणे सुरू झाले. हाडे मोडत गेली, पाठीचा कणा खचला आणि त्याची उंची सुमारे सात इंचांनी घटली. रक्तात कॅल्शियम जास्त आहे, हे १९२६ मध्ये कळले होते. पण ग्रंथी कुठे? गळ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, काही सापडले नाही. कप्तान स्वतः शरीरशास्त्राची पुस्तके वाचू लागला आणि छातीत शोधा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागला. गर्भावस्थेत या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, तेव्हा एखादी वाट चुकून छातीत जाऊ शकते. १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, बॉस्टनच्या शल्यविशारदांना ती छातीच्या पोकळीतच सापडली. पण उशीर झाला होता. इतकी वर्षे रिती झालेली कणगी कॅल्शियम ओढून घेऊ लागली, रक्तातली पातळी कोसळली, आणि मूत्रपिंडातल्या खड्यांनीही छळले. सहा आठवड्यांनी कप्तान गेला.

मार्टेलच्या बाबतीत डॉक्टर कमी पडले नाहीत. कमी पडले ते मोजमाप. ग्रंथी किती संप्रेरक सोडते हे मोजता येत नव्हते.

एसटीतल्या जागा

ते मोजणे सोपे नव्हते. पीटीएच रक्तात पिकोग्रॅममध्ये असते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. अनेक प्रयोगशाळांत निरोगी माणसाची पातळी एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम धरतात. कुठल्याही तराजूवर हे मावणार नाही.

युक्ती शोधली न्यूयॉर्कमधल्या एका लष्करी निवृत्तांच्या रुग्णालयात. सॉलोमन बर्सन हे डॉक्टर आणि रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ. ही युक्ती एसटीच्या उदाहरणाने समजेल. समजा, जव्हार स्थानकात उभ्या गाडीत ४० जागा आहेत आणि तुम्ही लाल टोपी घातलेले ४० प्रवासी दाराशी आणले आहेत. दुसरे कोणी नसेल तर सगळ्या जागांवर लाल टोप्या दिसतील. पण दाराशी बिनटोपीचे प्रवासीही असतील, तर त्यांच्या संख्येच्या प्रमाणात लाल टोप्या कमी बसतील. गाडीतल्या लाल टोप्या मोजा, म्हणजे बिनटोपीचे किती होते हे कळते. यॅलो आणि बर्सन यांच्या गाडीतल्या जागा म्हणजे प्रतिपिंडे, लाल टोप्या म्हणजे किरणोत्सारी आयोडीन लावलेले संप्रेरक, आणि बिनटोपीचे प्रवासी म्हणजे रोग्याच्या रक्तातले संप्रेरक. आधी त्यांनी इन्शुलिन असे मोजले. १९५९ मध्ये ऑरबाक याने परावटू संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले होते. त्याच्या साहाय्याने १९६३ मध्ये पीटीएच मोजण्याची रीत प्रसिद्ध झाली. बर्सन १९७२ मध्ये वारले. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६३ हेच वर्ष मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचे किरणोत्सार वैद्यक केंद्र स्थापन झाल्याचे. किरणोत्सारी द्रव्ये वैद्यकासाठी वापरण्याचे आपल्याकडचे शिक्षण आणि संशोधन तिथून वाढले.

पहिली पद्धत निर्दोष नव्हती. हे संप्रेरक ८४ अमिनो आम्लांची एक लांब साखळी आहे. शरीरात तिचे तुकडे होतात आणि काही तुकडे रक्तात रेंगाळतात, मूत्रपिंड बिघडलेल्यांत तर फारच. जुनी चाचणी तुकड्यांनाही अख्खे समजे. १९८७ मध्ये साखळीची दोन्ही टोके एकाच वेळी पकडणारी चाचणी आली आणि आकडा भरवशाचा झाला. अख्खे संप्रेरक रक्तात दोन-चार मिनिटांतच निम्मे होते. १९९० च्या दशकात शल्यविशारदांनी याचा मोठा चतुर उपयोग केला. शस्त्रक्रिया चालू असतानाच, गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासायचे. आकडा निम्म्यापेक्षा अधिक कोसळला तर बरोबर ग्रंथी निघाली, नाही तर शोध चालू ठेवायचा. कप्तान मार्टेलला हे मिळाले असते तर!

न मोजलेले ते दुर्मिळ

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अनेक वर्षे पुस्तकांत लिहिलेले असे, की परावटू ग्रंथीचा अतिस्राव हा दुर्मिळ रोग आहे. मग अमेरिकेत रोचेस्टर या गावात एक गंमत झाली. १९७४ च्या मध्यापासून तिथे साध्या रक्त तपासणीत कॅल्शियमही सरसकट मोजले जाऊ लागले. तोवर वर्षाला लाख लोकसंख्येमागे या रोगाचे सुमारे ८ नवे रुग्ण सापडत. त्यानंतरच्या वर्षात हा आकडा ५१ वर गेला. एका वर्षात रोग सहापट वाढला का? नाही. तो होताच. फक्त मोजला जात नव्हता. त्यानंतर तिकडे बहुतेक रुग्ण हाडे मोडण्याआधी, कसलाही त्रास नसतानाच सापडू लागले.

आपल्याकडे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी पश्चिम भारतातील रुग्णांचा अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हाडांचे दुखणे हीच ठळक तक्रार होती. देशातल्या इतर मोठ्या रुग्णालयांचे अनुभवही पुष्कळ वर्षे असेच आले: रुग्ण तुलनेने तरुण, हाडे झिजलेली किंवा मोडलेली, मुतखडे झालेले. तिकडे जे चित्र ट्रामच्या कंडक्टरच्या काळात होते, ते आपल्याकडे एकविसाव्या शतकातही दिसत राहिले. आता शहरांत आरोग्य तपासणीच्या निमित्ताने कॅल्शियम मोजले जाते आणि रोग लवकरही सापडतो. पण शहर सोडून थोडे दूर गेलो, की अंगदुखी म्हणजे वात, म्हणजे वय, म्हणजे कष्ट, असे म्हणून दुखणे बाजूला पडते. मुतखडा काढतात, तो पुन्हा होतो, पुन्हा काढतात, पण तो का होतो म्हणून कॅल्शियम तपासायचे राहून जाते.

नाशिकचे जुने कोडेही संपलेले नाही. पुण्यात झोपडवस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हात खेळणारी मुले आणि दिवसभर घरात राहणारी मुले यांची त्यात तुलना होती. घरात राहणाऱ्या मुलांत ड जीवनसत्त्व कमी, पीटीएच जास्त आणि मुडदुसाची लक्षणे अधिक आढळली. १९२२ मध्ये नाशिकला डोळ्यांनी दिसले, ते आता पुण्यात रक्ताच्या आकड्यांनी सांगितले. फरक इतकाच, की तेव्हा बंद वाडा होता, आता आईबाप कामावर गेल्यावर कडी लावलेली खोली आहे.

म्हणून नुसता पीटीएचचा आकडा घेऊन घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. तो नेहमी कॅल्शियमच्या शेजारी ठेवून वाचावा. कॅल्शियम जास्त आणि तरीही पीटीएच जास्त, किंवा खाली यायला हवे तेवढे आलेले नाही, तर राखणदार बिघडला असण्याची दाट शक्यता. कॅल्शियम कमी किंवा जेमतेम आणि पीटीएच जास्त, तर आवक तुटली आहे. ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडे पाहावीत. मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांत राखणदार वर्षानुवर्षे ताणाखाली असतो, म्हणून त्यांची ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. दोन्ही कमी, तर राखणदारच नाही; थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, बोटे वळू लागली, तर थांबू नये, लगेच डॉक्टरांना गाठावे. आणि कॅल्शियम जास्त पण पीटीएच खाली, तर दोष दुसरीकडे. त्यात कर्करोग असू शकतो, तशीच गरज नसताना घेतलेली ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनेही.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. ज्याचा राखणदार बिघडला आहे त्यालाच ड जीवनसत्त्वाचाही तुटवडा असू शकतो. मग रक्तातले कॅल्शियम फारसे वाढलेले दिसत नाही आणि रोग लपून राहतो. अशा वेळी एका तपासणीवर निकाल न देता काही आठवड्यांनी पुन्हा पाहणे, हेच शहाणपणाचे.

पुन्हा माळावर

जव्हार-मोखाड्याचे नाव उर्वरित महाराष्ट्राच्या कानी बहुधा वाईट बातमीतूनच येते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळे हादरले. त्यानंतर मुलांची वजने मोजण्याकडे लक्ष गेले, ते योग्यच झाले. पण बाळंतपणामागून बाळंतपणे सोसलेल्या, अंगावर पाजणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बाईच्या कणगीत काय उरले आहे, हे वजनकाट्यावर दिसत नाही.

या मुलखाकडे दोन मोठ्या जमेच्या बाजू आहेत. ऊन आहे, आणि नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधापेक्षा जवळपास तिप्पट. तांदळात ते अगदीच नगण्य. वरकस जमिनीत पिकणाऱ्या या धान्याला आपण गरिबाचे अन्न म्हणून हिणवले. ताटातली भाकरी जाऊन नुसता भात आला, की राखणदाराला कणगीकडेच धावावे लागते. ते ताट जपणे हा या रोगाच्या एका बाजूवरचा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय आहे.

दुसऱ्या बाजूवर मात्र भाकरीचा उपयोग नाही. तिथे तपासणीच हवी. आणि ती काही पीटीएचपासून सुरू होत नाही. महिनोन् महिने हाडे दुखत असतील, बसल्यावर उठवत नसेल, साध्या पडण्याने हाड मोडले असेल किंवा मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल, तर आधी कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या साध्या तपासण्या कराव्यात. त्यांत काही वावगे दिसले, तर मग पीटीएच. त्यासाठी रोग्याला प्रत्येक वेळी मुंबई-नाशिक गाठायला हवे असेही नाही. हे संप्रेरक नाजूक असले, तरी ईडीटीए घातलेल्या नळीत रक्त घेऊन, ते वेळेवर वेगळे करून थंड ठेवले, तर नमुना प्रवास करू शकतो. माणूस घरी राहून त्याचे रक्त प्रयोगशाळेत जाऊ शकते. विचारणारे कोणी हवे, आणि पाठवणारे.

गेंड्याच्या गळ्यातली गाठ ओवेनने पाहिली, पण तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही, म्हणून तीस वर्षे गेली. सॅंडस्ट्रॉमचा निबंध छापला, पण फारसा कोणी वाचला नाही, म्हणून आणखी दहा गेली. मार्टेलचे कॅल्शियम मोजले, पण ग्रंथी सापडेपर्यंत सहा वर्षे गेली. या इतिहासात प्रत्येक वेळी उत्तर आधीच शरीरात होते. उशीर झाला तो पाहण्यात. शिरपामाळावरून मोळी घेऊन जाणाऱ्या बाईने उद्या दवाखान्यात जाऊन, हाडे दुखतात, असे सांगितले, तर वय झाले म्हणून तिला परत पाठवण्याआधी तिचे कॅल्शियम एकदा तरी पाहिले जावे. पावणेदोनशे वर्षांच्या या खटाटोपातून तिच्यासाठी एवढे तरी हाती यायला हरकत नाही.